राजवैद्य गार्सिया दा ओर्ता : पुस्तक, नोंदवही आणि जबान्या

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात जुआंव दे एन्देम याच्या छापखान्यातून एक पुस्तक छापून बाहेर पडले. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती, द्रव्ये आणि फळे यांवरचे संवाद असा त्याचा विषय. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव डॉक्टर गार्सिया दा ओर्ता असे असून त्यापुढे आपण राजाचा वैद्य असल्याचे त्याने नोंदवले आहे. त्याच मजकुरात आणखी एक नाव येते. पुस्तक डोळ्यांखालून घालून पसंत करणारा तो गृहस्थ म्हणजे आलेशो दियस फालकांव, या प्रांतातला इन्क्विझिटर. गोव्यात इन्क्विझिशन या ख्रिस्ती धर्मन्यायसभेची गादी १५६० मध्ये आली, ती चालवायला पोर्तुगालहून पाठवलेल्या पहिल्या दोघांपैकी हा एक. या मुखपृष्ठानंतर सतरा वर्षांनी, ४ डिसेंबर १५८० रोजी, त्याच न्यायसभेच्या हुकमाने या राजवैद्याची हाडे कबरीतून उकरून काढून जाळण्यात आली. तेव्हा त्याला मरून बारा वर्षे झाली होती.

मधल्या सतरा वर्षांत काय उघडकीस आले? आणि जे उघडकीस आले असे म्हणतात, ते खरे होते काय? या प्रश्नांचा माग काढायला तीन जातींची साधने उपलब्ध आहेत. पहिले ओर्ताचे स्वतःचे पुस्तक. दुसरे पोर्तुगीज सरकारी दप्तर : नेमणुका, कायदे, महसुलाच्या नोंदी. तिसरे इन्क्विझिशनचे कागद. ही तिन्ही एकाच माणसाविषयी बोलतात, पण प्रत्येकाचा बोलण्यामागचा हेतू वेगळा आहे. म्हणून एकेक साधन स्वतंत्रपणे तपासावे लागते.

आरंभ घराण्यापासून करू. ओर्ताचा जन्म पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतातल्या, स्पेनच्या सरहद्दीलगतच्या कास्तेलो दे विदे या गावी १५०० च्या सुमारास झाला. हे ‘सुमारास’ महत्त्वाचे आहे, कारण जन्मसाल त्याच्या पुढच्या शिक्षणावरून मागे मोजून काढलेले आहे. वडील फेर्नांव दा ओर्ता आणि आई लेओनोर गोमेश ही दोघे मूळची स्पेनमधली ज्यू. १४९२ साली स्पेनने ज्यूंना हद्दपार केले, तेव्हा हजारो कुटुंबे सीमा ओलांडून पोर्तुगालात आली. पाचच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालच्या राजाने त्यांना सरसकट बाप्तिस्मा घ्यायला लावला. अशा कुटुंबांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत. हे नाव पिढ्यान्‌पिढ्या पुसले जात नसे. गार्सिया जन्माने ख्रिस्ती होता, पण कायद्याच्या आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने नवख्रिस्तीच होता.

शिक्षण सालामांका आणि अल्काला दे एनारेस या स्पेनमधल्या दोन विद्यापीठांत झाले. याचा उल्लेख तो स्वतः करतो. १५२३ च्या सुमारास तो गावी परतला. १५२६ मध्ये त्याला वैद्यकी करण्याचा परवाना मिळाला आणि १५३० मध्ये लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापकाची जागा. सरकारी दप्तराच्या आधारे इथपर्यंतची वाट सरळ दिसते : होतकरू वैद्य, विद्यापीठातला मान, राजधानीतले वास्तव्य. मग १२ मार्च १५३४ रोजी हा माणूस सगळे सोडून मार्तिम आफोन्सो दे सोझा याच्या आरमाराबरोबर हिंदुस्थानच्या वाटेला लागतो. विद्यापीठातली सुस्थिर जागा सोडून, ज्या प्रवासात निम्मी माणसे वाटेत दगावण्याची भीती असे, त्या प्रवासाला तो का निघाला?

पुस्तकात ओर्ता याचे कारण जिज्ञासा हेच सुचवतो. पूर्वेकडची औषधे आपल्या डोळ्यांनी पाहावीत, ही त्याची हौस त्यात ठायी ठायी दिसते आणि ती खोटी मानण्याचे काही कारण नाही. पण सरकारी दप्तरात आणखी एक कागद आहे. १४ जून १५३२ च्या राजाज्ञेने नवख्रिस्त्यांना परवानगीवाचून राज्य सोडण्यास बंदी घालण्यात आली. पोर्तुगालात इन्क्विझिशन आणण्याच्या हालचाली त्याच वेळी रोमशी चालू होत्या आणि १५३६ मध्ये ती आलीही. अशा काळात राजाच्या आरमाराच्या प्रमुखाचा खासगी वैद्य म्हणून जहाजावर चढणे हा देश सोडण्याचा कायदेशीर आणि सन्मानाचा मार्ग होता. ओर्ता या कायद्याच्या भीतीनेच निघाला, असे सिद्ध करणारा कागद नाही. हा तर्क आहे. मात्र साल आणि कायदा यांचा मेळ इतका चपखल बसतो की हा तर्क दृष्टीआड करता येत नाही.

सप्टेंबर १५३४ मध्ये आरमार गोव्याला लागले. यापुढे सरकारी दप्तर ओर्ताबद्दल बरेच मुके होते आणि पुस्तकच बोलू लागते. पुस्तकातल्या विधानांवर कितपत विसंबावे, याची परीक्षा घ्यायला एक सुरेख जागा आहे. ओर्ता घारापुरीच्या लेण्यांचे वर्णन करतो. बेटाचे नाव तो ‘पोरी’ असे देतो आणि आपल्या लोकांनी त्याला हत्तीचे बेट म्हटल्याचे सांगतो. तिथल्या मूर्ती फार देखण्या होत्या, पण पुढे आत शिरणाऱ्या गुरांनी त्यांची नासधूस केली, अशी खंतही व्यक्त करतो. आपण हे लेणे १५३४ मध्ये पाहिले, आणि तेव्हा वसई आपल्याशी युद्धात होती, असा त्याचा दावा आहे. आता हा दावा इतर साधनांशी ताडून पाहू. ओर्ता सप्टेंबरात आला. गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या अंकित बेटांवरचा हक्क पोर्तुगीजांना सोडून दिला तो २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने. म्हणजे ‘वसई युद्धात असताना, १५३४ मध्ये’ हे विधान खरे ठरायला जेमतेम तीन महिन्यांची फट उरते. आणि नेमक्या याच महिन्यांत मार्तिम आफोन्सोचे आरमार उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर होते, दमणवरचा हल्ला त्यानेच केला. तीस वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगताना ओर्ताने दिलेले साल, प्रसंग आणि स्थळ तिन्ही जुळतात. या साक्षीदाराची स्मरणशक्ती चांगली आहे, असे आपण धरून चालू शकतो.

मार्तिम आफोन्सो १५३८ नंतर मायदेशी परतला. ओर्ता परतला नाही. पुढे तो गोव्यातच राहिला आणि एकामागून एक येणाऱ्या गव्हर्नर व व्हाइसरॉयांचा वैद्य झाला. १५४२ मध्ये मार्तिम आफोन्सो गव्हर्नर होऊन गोव्यात आला, त्याच जहाजातून फ्रान्सिस झेवियरही आला. ओर्ताला आता सर्वांत मोठा आश्रयदाता लाभला होता. तरीही याच राजवटीत, १५४३ मध्ये, गोव्यात एक घटना घडली. जेरोनिमु दियश नावाच्या एका नवख्रिस्ती वैद्याला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून मृत्युदंड झाला. गोव्यात या कारणासाठी मारला गेलेला हा पहिला माणूस. समकालीन बखरकार गास्पार कोरैया याने हा प्रसंग नोंदवला आहे. आरोपी वैद्य होता, नवख्रिस्ती होता आणि त्याच शहरात राहत होता. ओर्ता त्याला ओळखत नव्हता, हे संभवनीय वाटत नाही. पुस्तकात मात्र या प्रसंगाचा मागमूसही नाही. १५४६ मध्ये झेवियरने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन स्थापावी अशी विनंती केली. त्यानंतरच्या वर्षी लिस्बनमध्ये ओर्ताच्या बहिणींना अटक झाली. सुटका झाल्यावर आई आणि बहिणी १५४९ मध्ये गोव्याला त्याच्याकडे येऊन राहिल्या. पुस्तक वाचताना मनाशी धरायचे ते हे : ज्या घरात ते लिहिले गेले, त्या घरातल्या बायका तुरुंगातून आल्या होत्या.

आता महाराष्ट्राशी ओर्ताचा थेट संबंध येतो. अहमदनगरचा पहिला बुऱ्हाण निजामशहा (मृत्यू १५५३) हा ओर्ताचा रोगी आणि मित्र होता. ओर्ता त्याला ‘निजामोशा’ म्हणतो आणि त्याच्या दरबाराचे प्रसंग अनेक संवादांतून पेरतो. त्यातला एक प्रसंग विशेष आहे. निजामशहाने आपल्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली आणि आपण त्याला तीच लॅटिनमध्ये शिकवली, यात राजाला फार आनंद वाटे, असे ओर्ता सांगतो. दरबारात अरब आणि इराणी हकीम होते, इब्न सीनाचा ग्रंथ हे त्यांचे प्रमाण होते. युरोपच्या विद्यापीठांतही इब्न सीना लॅटिनमधून शिकवला जात होता. म्हणजे सालामांकाचा वैद्य आणि नगरचा हकीम एकाच ग्रंथाच्या दोन भाषांमधल्या आवृत्त्या समोर ठेवून बोलत होते. पुस्तकातल्या दहाव्या संवादात ओर्ता बोर आणि भिरंड या फळांपासून सुरुवात करतो. भिरंडाच्या सालींपासून व्हिनेगर करतात, असे नोंदवतो आणि मग एकाएकी दख्खनच्या राजांची नावे व किताब, त्यांच्या पदव्यांचा इतिहास आणि शेवटी बुद्धिबळातल्या सोंगट्यांची नावे यांकडे वळतो. वैद्यकाच्या ग्रंथात दख्खनच्या राजकारणाची इतकी बारीक माहिती येते, ती दरबारात वावरलेल्या माणसाशिवाय कोणाकडून येणार? या एका कारणासाठी तरी मराठी इतिहासाच्या अभ्यासकाने हा संवाद निजामशाहीच्या साधनांमध्ये धरला पाहिजे.

मुंबईबद्दलचा पुरावा मात्र जपून वाचावा लागतो. ओर्ता म्हणतो की राजाच्या कृपेने मुंबईचे बेट आपल्याकडे खंडाने आहे. एका संवादात मुंबईतल्या त्याच्या कुळाने, सिमांव तोस्कानुने, आंब्यांची करंडी पाठवल्याची वर्दी येते. त्या निमित्ताने ओर्ता सांगतो की आपल्या त्या बेटावर वर्षातून दोनदा फळणारे आंब्याचे झाड आहे. हे सगळे घरचे आणि विश्वसनीय वाटते. पण १५५४ मध्ये सिमांव बोतेल्यु याने तयार केलेल्या महसुली नोंदवहीत मुंबईचे बेट मेश्त्रे दियोगु नावाच्या माणसाकडे १४३२½ पार्दाव खंडाने असल्याची नोंद आहे. तिथे ओर्ताचे नाव नाही. दोन्ही साधने खरी धरायची तर सरळ निष्कर्ष असा निघतो की बेट ओर्ताकडे १५५४ नंतर आणि १५६३ च्या आधी केव्हातरी आले. नोंदवहीत जुन्या कराराची नोंद तशीच राहिली असण्याचीही शक्यता आहे. म्हणून साल ठामपणे सांगू नये. आजच्या मुंबईच्या कोटात त्याचे घर होते, असे जे सांगतात, ती परंपरा आहे. तिला पुरावा म्हणता येणार नाही.

पुस्तकाचा खरा गाभा अर्थातच वैद्यकीचा. संवादात दोन माणसे बोलतात : एक स्वतः ओर्ता, दुसरा रुआनु, सालामांका आणि अल्कालाचा जुना सहाध्यायी, नुकताच गोव्यात उतरलेला. रुआनु कल्पित आहे यावर अभ्यासकांचे एकमत आहे. रुआनु ग्रीक आणि लॅटिन ग्रंथकारांचे हवाले देतो, ओर्ता आपण पाहिले ते सांगतो. मधेच अंतोनिया नावाची मोलकरीण एखादी वस्तू आणून दाखवते. एका संवादात ओर्ता स्पष्टच म्हणतो की गालेन आणि दियोस्कोरिदेसची नावे घेऊन आपल्याला घाबरवू नका, आपण खरे तेवढेच बोलणार आहोत. स्पेनमध्ये असतो तर ग्रीकांविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, हेही तो कबूल करतो.

या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सतरावा संवाद. त्यात मधेच एक निरोप्या येतो : दों जेरोनिमुचा भाऊ आजारी पडला आहे, भेटीची वेळ नसली तरी लगेच यावे. दुखणे कधी सुरू झाले, असे विचारल्यावर उत्तर मिळते, मध्यरात्रीनंतर दोन तासांनी. ओर्ता रोग्याकडे जाऊन येतो आणि रुआनुला लक्षणे सांगतो : नाडी जवळपास लागत नाही, अंग गार आणि घामही गार, आतून आग आणि न शमणारी तहान, खोल गेलेले डोळे, झोप नाही, उलट्या आणि जुलाब थांबेपर्यंत शक्तीच संपते, पायांत गोळे येतात. या देशात या रोगाला काय म्हणतात, तेही तो नोंदवतो. त्याने लिहिलेले ‘मोर्शी’ म्हणजे आपली मोडशी. बहुतेक रोगी चोवीस तासांत दगावतात. काही तर दहा तासांतच गेलेले आपण पाहिले, असे तो सांगतो. जून आणि जुलै हे या रोगाचे महिने. इथले लोक मिरी आणि जिरे घातलेली पेज पाजतात आणि पायांना डाग देतात, हेही त्याने टिपले आहे. आशियातल्या पटकीचे युरोपीय माणसाने केलेले हे पहिले तपशीलवार वर्णन मानले जाते. आज ते वाचताना कोणत्याही डॉक्टरला रोग ओळखायला क्षणही लागणार नाही.

पुस्तकात व्हाइसरॉय रेदोंदुच्या काउंटला उद्देशून लिहिलेले एक स्तुतिकाव्यही आहे, आणि ते लिहिणारा त्या वेळी गोव्यात असलेला लुईश द कामोंइश. पुढे पोर्तुगालचा राष्ट्रकवी ठरलेल्या या माणसाची छापून आलेली ही पहिली कविता. म्हणजे १५६३ च्या एप्रिलात ओर्ताच्या पाठीशी व्हाइसरॉय होता, कवी होता, राजाचा किताब होता आणि इन्क्विझिटरची मान्यताही होती. पुस्तक युरोपात पोहोचले आणि कार्लुस क्लुसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागले. त्याने टिपणे केलेली प्रत आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. १५६७ मध्ये क्लुसियुसने अँटवर्पहून त्याचा लॅटिन सारांश छापला. त्यातून संवाद गेले, रुआनु आणि अंतोनिया गेली, निजामशहाच्या गप्पा गेल्या, औषधे तेवढी उरली. युरोपला ओर्ताची औषधे कळली. माणूस कळायचा राहून गेला.

१५६८ मध्ये ओर्ता गोव्यात वारला. त्याच वर्षी बहीण कातारिना हिला अटक झाली. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला जाळण्यात आले. या अभियोगाचे कागद लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो अभिलेखागारात उरले. हे उरणे हाच एक योगायोग आहे, कारण गोव्याची इन्क्विझिशन १८१२ मध्ये बंद झाल्यावर तिचे स्वतःचे दप्तर जवळपास सगळेच नष्ट करण्यात आले. त्या नष्ट दप्तराची सूची तेवढी शिल्लक आहे : १५६१ ते १६२३ या काळातल्या तीन हजार आठशे प्रकरणांची यादी, इन्क्विझिटर जुआंव देल्गादु फिगैरा याने केलेली. आग लागून गेलेल्या घराचा पाया दिसावा, तशी ही यादी आहे. तीवरून खोल्या मोजता येतात, आत काय होते ते सांगता येत नाही.

कातारिनाच्या प्रकरणातल्या जबान्यांत, विशेषतः तिच्या नवऱ्याच्या जबानीत, ओर्ताबद्दलची विधाने येतात. मोशेचा धर्म हाच खरा, भविष्यवाण्या अजून पूर्ण व्हायच्या आहेत, ख्रिस्त हा देवाचा पुत्र नव्हे, असे ओर्ता घरात बोलत असे, असा त्यांचा आशय आहे. ही विधाने कशी तोलायची?

त्यांच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी आधी मांडू. जबान्या कोठडीत घेतल्या गेल्या. मृत्यू समोर दिसत होता. अशा स्थितीत दोष मेलेल्या माणसावर ढकलणे सोपे आणि सोयीचे असते, कारण जिवंत कोणी अडकत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला कोणती उत्तरे हवी होती, हेही सगळ्यांना ठाऊक होते. एवढ्यावरून एखादा सावध इतिहासकार या जबान्या बाजूला ठेवेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

आता दुसरी बाजू. जबान्यांखेरीज स्वतंत्रपणे जे सिद्ध होते, ते एका रेषेत मांडून पाहावे. आईवडील हद्दपार झालेले ज्यू. १५३२ चा बंदीचा कायदा आणि १५३४ चे प्रयाण. १५३८ नंतर आश्रयदाता परतला, ओर्ता मागे राहिला. १५४७ मधली बहिणींची अटक आणि त्यांना दिलेला आसरा. पुस्तकात कैरोच्या इसाक नावाच्या ज्यू गृहस्थाचा आदराने केलेला उल्लेख. यातली एकेक गोष्ट निरपराध आहे. एकत्र मात्र त्या जबान्यांना दुजोरा देतात आणि या दुजोऱ्याला कोठडीचा स्पर्श झालेला नाही.

ओर्ताचा थोर चरित्रकार, फिकाल्योचा काउंट, याने १८८६ मध्ये त्याचे चरित्र लिहिले आणि पुढे संवादांची साक्षेपी आवृत्ती काढली. तो काम करत होता तेव्हा हे अभियोगाचे कागद उजेडात आलेले नव्हते. त्यामुळे त्याच्या चरित्रात एक विद्वान, निष्ठावान ख्रिस्ती वैद्य दिसतो. आपल्यापुढच्या पुराव्याशी फिकाल्यो प्रामाणिकच होता. १९३४ मध्ये आउगुस्तु दा सिल्वा कार्वाल्यु याने इन्क्विझिशनची कागदपत्रे प्रसिद्ध केली आणि चित्र पालटले. पुढचा प्रत्येक अभ्यासक संवाद वाचताना मनात हे कागद ठेवूनच वाचतो.

यात एक धोका आहे. हे कागद वाचल्यानंतर पुस्तकातल्या प्रत्येक ओळीत गुप्त अर्थ शोधण्याचा मोह होतो. रुआनु हा ओर्ताचा सार्वजनिक मुखवटा आणि ‘ओर्ता’ हा खरा आवाज, अशी मांडणीही करता येते. ती आकर्षक आहे, पण तिला आधार नाही. दोन मित्रांचा संवाद हा त्या काळच्या विद्वत्तेचा रूढ साचा होता. इतकेच म्हणणे सुरक्षित आहे की वैद्यकाच्या बाबतीत हा माणूस जे पाहिले ते निर्भयपणे लिहीत होता, आणि स्वतःच्या कुटुंबाबद्दल त्याने एक अक्षर लिहिले नाही. या दोन्ही गोष्टी पुस्तकातच दिसतात, त्यासाठी जबानीची गरज नाही.

तर निवाडा असा. ओर्ता हा नवख्रिस्ती होता, राजाचा आणि व्हाइसरॉयांचा वैद्य होता, बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याचा वावर होता आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते, हे निश्चित. कायद्याच्या भीतीने त्याने देश सोडला, हा बळकट तर्क आहे. घरात त्याने ज्यू धर्म पाळला, हे संभाव्य आहे, आणि या संभाव्यतेचा भार जबान्यांपेक्षा त्याच्या आयुष्यातल्या तारखांवर अधिक आहे. मात्र इन्क्विझिशनने त्याला दोषी ठरवले म्हणून तो दोषी, असे इतिहासाने म्हणू नये. न्यायसभेने ज्याला गुन्हा म्हटले ती एका कुटुंबाची श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेपायी कातारिना दा ओर्ता हिला प्राण द्यावे लागले. गार्सिया दा ओर्ताच्या चरित्रात तिचे नाव त्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात लिहिले पाहिजे.